पाण्यातली वाकडी काठी

नाताळच्या सुट्टीत नातवंडं पेडण्याला आली की आमच्या घरातलं घड्याळाचं राज्य संपतं आणि भरती-ओहोटीचं सुरू होतं. त्या दिवशी धाकट्याने मला अंधारातच हलवून उठवलं. "आजोबा, पाणी उतरलं असेल." मोठी नात आधीच चपला घालून दारात उभी होती. तिच्या काखेत वही, धाकट्याच्या खिशात पेन्सिल. आम्ही केरीला निघालो.

तेरेखोल नदी समुद्राला मिळते तिथलं हे केरी गाव. पलीकडच्या टेकडीवर तेरेखोलचा किल्ला, अलीकडे सुरूचं बन आणि त्याच्यापुढे लांबलचक पुळण. पाणी चांगलंच मागे गेलं होतं. ओल्या वाळूवर दहा पावलं टाकली असतील नसतील, तोच धाकटा थबकला.

"आजोबा, पाय देऊ नका! कोणीतरी रांगोळी घातलीय."

खरंच घातली होती. मोहरीहून मोठ्या आणि वाटाण्याहून लहान अशा वाळूच्या हजारो गोळ्या. मध्ये एक बारीकसं भोक आणि त्याच्याभोवती सूर्याच्या किरणांसारख्या फाकलेल्या गोळ्यांच्या ओळी. एक रांगोळी संपते तिथे दुसरी सुरू. नजर जाईल तिथवर पुळण सजलेली.

"कोणी घातली?" मोठीने विचारलं.

"बसा. हलायचं नाही, बोलायचं नाही. घालणाराच येईल."

मुलांना गप्प बसवणं अवघड असतं, पण वाळूने ते काम केलं. तीन-चार मिनिटं गेली आणि भोकातून एक चिमुकला खेकडा वर आला. बोटाच्या नखाएवढा, वाळूच्याच रंगाचा. दोन्ही नांग्यांनी वाळू उचलून तोंडात भरायची, की लगेच तोंडाच्या वरच्या बाजूला एक गोळी फुगत यायची. ती पुरेशी मोठी झाली की नांगीने तोडून मागे टाकायची आणि पाऊलभर पुढे सरकायचं.

मुलांनो, हा खेकडा वाळू खात नाही. वाळूच्या कणांवर सूक्ष्म शेवाळाचा आणि कुजक्या जीवांशांचा पातळ थर असतो, तो त्याचा घास. तोंडातल्या पाण्यात तो वाळू घुसळतो. हलकं अन्न वर तरंगतं, जड वाळू खाली बसते. अन्न पोटात जातं आणि धुतलेली वाळू गोळी होऊन बाहेर पडते. आपल्या आया तांदूळ पाण्यात रोळून खडे काढतात, तीच रीत. फक्त इथे तांदूळ बारीक आणि खडेच फार. एकदा चाखलेली वाळू पुन्हा चाखण्यात वेळ जाऊ नये, म्हणून ती गोळी करून बाजूला ठेवायची. रांगोळी म्हणजे त्याच्या न्याहारीचा हिशेब.

मोठीने वही उघडली. पाच मिनिटांत चित्र तयार. मध्ये भोक, भोवती गोळ्यांची वर्तुळं, फुलासारखी. सुरेख होतं.

मी म्हटलं, "छान. आता सांग, बगळा आला तर हा पळणार कुठून? तू तर त्याला चारी बाजूंनी कोंडलंस."

तिने चित्र पाहिलं. मग वाळू पाहिली. मग पुन्हा चित्र. आणि तिचे डोळे मोठे झाले. गोळ्यांच्या दोन ओळींमध्ये बिळापर्यंत जाणारी एक स्वच्छ, सरळ पाऊलवाट होती. प्रत्येक किरणाशेजारी एक. खेकडा बिळापासून बाहेर बाहेर खात जातो, पण परतीची वाट कधी गोळ्यांनी अडवत नाही. सावली पडली की त्याच वाटेने धूम ठोकतो. मोठीने ती पाहिली होती, पण तिला दिसली नव्हती. चित्रात वाट नाही, हे कळलं तेव्हा वाळूतली वाट दिसली.

या एवढ्याशा खेकड्याची आणखी एक गंमत आहे. त्याच्या पायांवर, मांडीच्या जागी, पातळ पारदर्शक पडदे असतात. जुन्या निसर्ग अभ्यासकांनी भिंगाखाली ते पाहिले आणि अगदी नीट चित्रात उतरवले. ढोलाच्या कातड्यासारखे ताणलेले पडदे पाहून त्यांना वाटलं, हे कान असावेत. वर्षानुवर्षं पुस्तकांतून ते कान म्हणूनच वावरले. मग १९८६ साली कळलं की हे कान नव्हेत, या श्वासाच्या खिडक्या आहेत. त्या पातळ पडद्यातून हवेतला प्राणवायू थेट रक्तात शिरतो. हा खेकडा पायांनी श्वास घेतो! विचार करा, त्या जुन्या अभ्यासकांनी लावलेला अर्थ चुकला, पण त्यांनी काढलेलं चित्र चुकलं नाही. पडदा जिथे होता तिथेच त्यांनी काढला, जेवढा होता तेवढाच काढला. म्हणून पुढच्याला तिथे बोट ठेवून विचारता आलं, हे खरंच कान आहेत का?

त्या सकाळपासून आमच्या वहीचा नियम ठरला. खोडरबर आणायचा नाही. चुकलेली रेघ पुसायची नाही, तिच्याशेजारी बरोबर रेघ काढायची. चूकही दिसली पाहिजे, कारण पुढच्या वेळी कुठे नीट बघायचं ते तीच सांगते.

दुपारी आम्ही आगरवाड्याला गेलो. शापोरा नदीकाठचं हे गाव. आगर म्हणजे मिठागर. गावाच्या नावातच मीठ आहे. उथळ चौकोनी वाफे, त्यांत आरशासारखं पाणी आणि बांधावर उन्हात उभी असलेली आम्ही तिघं.

वाफ्यात एक काठी रोवलेली होती. मी धाकट्याला म्हटलं, "ही काठी काढ." त्याने एक सरळ उभी रेघ मारली आणि वही माझ्या हातात दिली.

"अशीच दिसते?"

"हो. काठी सरळच असते ना!"

"काठी कशी असते ते नाही विचारलं. कशी दिसते?"

तो बांधावर पालथा पडला. हनुवटी हातावर. बराच वेळ बघत राहिला. मग ओरडला, "आजोबा, ती पाण्यात मोडलीय!"

मोडली नव्हती, वाकडी दिसत होती. उजेड पाण्यात हवेपेक्षा हळू चालतो. पाण्यातून बाहेर पडताना त्याची दिशा बदलते आणि आपला डोळा फसतो. पाण्यातली वस्तू आहे त्यापेक्षा वर आणि जवळ वाटते. वरून सरळ पाहिलं तर फसगत थोडी, तिरकं पाहिलं तर जास्त. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण धाकट्याच्या डोक्याने काठी सरळ असते असं आधीच ठरवून टाकलं होतं, म्हणून डोळ्याला कोणी विचारलंच नाही. चित्र काढायला बसलं की डोळ्याला विचारावं लागतं. माझ्या मते चित्रकलेचा मोठा उपयोग हाच. डोकं सांगतं ते काढायचं नाही, डोळा बघतो ते काढायचं. सुंदर दिसणं वगैरे नंतर.

"मग बगळ्याला मासा कसा मिळतो?" मोठीने विचारलं. "त्यालाही मासा भलतीकडेच दिसत असेल."

या प्रश्नासाठी मी तिला खाऊ द्यायला हवा होता. समोरच्याच वाफ्यात एक राखी रंगाचा समुद्री बगळा उभा होता. आमच्या किनाऱ्यावर तो नेहमी दिसतो. अभ्यासकांनी याच जातीच्या बगळ्यांना वेगवेगळ्या खोलीवर मासा देऊन पाहिलं. मासा दिसतो तिथे तो नसतोच, तरी बगळ्याची चोच बहुतेक वेळा बरोबर माशावर पडते. मान पुढे, मान मागे, डोकं एका ठराविक कोनात आणून तो क्षणभर थांबतो आणि मग झडप घालतो. दिसण्यात आणि असण्यात किती अंतर आहे, ते त्याने जणू अंगात मुरवून घेतलं आहे. मुलांनी त्या बगळ्याची झडपेआधीची मान सात वेळा काढली. सातवं चित्र मी जपून ठेवलं आहे. त्यात बगळा फक्त चार रेघांचा आहे, पण मानेचा कोन बरोबर आला आहे.

त्याच वाफ्यात पलीकडे शेकाट्या पक्षी होते. काळे-पांढरे, सुईसारख्या चोचीचे आणि गुलाबी काड्यांसारख्या लांबच लांब पायांचे. धाकट्याने शेकाट्याला गुडघा पुढे वाकवलेला काढला, आपल्यासारखा. मग पक्षी चालू लागला आणि त्याचा सांधा तर मागे वाकला! धाकटा रुसला. "याचा गुडघा उलटा आहे."

उलटा नाही रे राजा. तो गुडघाच नव्हे, ती टाच आहे. पक्ष्याचा खरा गुडघा वर पोटाच्या पिसांत लपलेला असतो आणि तो आपल्यासारखाच पुढे वाकतो. आपण ज्याला पाय समजतो तो त्याच्या पावलाचा लांबट भाग. शेकाट्या, बगळा, घरची कोंबडी सगळी आयुष्यभर टाचा वर उचलून बोटांवर चालतात. धाकट्याने लगेच स्वतःच्या टाचा उचलल्या आणि बांधावरून वाकत वाकत चालून पाहिलं. त्यानंतर त्याने काढलेल्या एकाही पक्ष्याचा पाय चुकला नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही आगगाडीने करमळीला गेलो. पेडण्याच्या स्टेशनावर गाडीत बसायचं, थिवी सोडायचं आणि करमळीला उतरायचं. स्टेशनाच्या अंगालाच करमळीचं तळं आहे. हिवाळ्यात तिथे अडई बदकांचे थवे असतात. शिट्टी वाजवत उठले की आकाशात रेघोट्या उमटतात. पण मला मुलांना दाखवायचा होता कमळपक्षी.

कमळाच्या आणि पाणवनस्पतींच्या पानांवरून तो असा चालत जातो, की पाण्यावरच चालतोय असं वाटावं. त्याची बोटं त्याच्या अंगाच्या मानाने विलक्षण लांब, नखंही तशीच. अंगाचा भार एवढ्या लांबवर पसरतो की पान बुडत नाही. चिखलात फळी टाकून चालणारा शेतकरी हेच करतो. मोठीने बोटं काढली आणि म्हणाली, "आजोबा, इतकी लांब कोणाला खरी वाटणार नाहीत." मी म्हटलं, "मोज." तिने पेन्सिल डोळ्यासमोर धरून अंगठ्याने मोजलं. डोक्यापेक्षा बोट लांब भरलं. तिने तसंच ठेवलं.

या पक्ष्याच्या संसाराची गोष्ट मी तिला तळ्याकाठीच सांगितली. मादी अंगाने मोठी. घर सांभाळणारा नर. मादी घरट्यात चार अंडी घालून दुसऱ्या नराकडे निघून जाते. अंडी उबवायची, पिल्लं वाढवायची ती बापाने. संकट आलं तर पिल्लांना पंखाखाली धरून बाप पाण्यावरून चालू लागतो. तेव्हा त्याच्या पंखाखालून पिल्लांचे लांब लांब पाय लोंबकळताना दिसतात आणि बघणाऱ्याला वाटतं, या पक्ष्याला पाय तरी किती! पावसाळ्यात मी हे एकदाच पाहिलं आहे आणि ते चित्र काढायचं राहून गेलं, याची मला आजही चुटपुट आहे.

आणि अंडी! कांस्यपंखी कमळपक्ष्याचं अंडं चकचकीत तपकिरी असतं आणि त्यावर काळ्या रेघोट्यांचा गुंता. लहान मुलाच्या हाती दौत लागावी तसा. ओल्या पानांच्या, देठांच्या, सावल्यांच्या जाळ्यात ते अंडं असं मिसळून जातं, की वरून घिरट्या घालणाऱ्या घारीला तिथे काही आहे असं वाटत नाही. एका अंड्यावरची नक्षी दुसऱ्यासारखी नसते.

परतताना गाडीत धाकट्याने विचारलं, "पूर्वी कॅमेरे नव्हते तेव्हा मोठी माणसंपण अशीच चित्रं काढायची?"

मग मी त्याला तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वीची गोष्ट सांगितली. गोव्यातून दक्षिणेकडे गेलेले पुष्कळ कोंकणी लोक कोचीला स्थायिक झाले होते. त्यांतले तीन वैद्य, रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. कोचीच्या डच अंमलदाराला, हेंड्रिक व्हान रेडला, मलबारच्या सगळ्या झाडाझुडपांचं पुस्तक करायचं होतं. इट्टी अच्युतन नावाचे मल्याळी वैद्य आणि हे तिघे त्याचे गुरू झाले. माणसं रानात जाऊन फुलाफळांसकट ताज्या फांद्या आणायची. चित्रकार त्या कोमेजायच्या आत समोर ठेवून काढायचे. वैद्य नाव आणि गुण सांगायचे. १६७८ ते १६९३ या काळात ॲमस्टरडॅमला त्याचे बारा खंड निघाले. त्याचं नाव 'हॉर्तुस मलबारिकुस'. चित्रं सातशेहून जास्त. पहिल्या खंडात आपल्या तिघा वैद्यांचं १६७५ सालचं प्रशस्तिपत्र छापलं आहे, नागरी लिपीत, कोंकणी भाषेत. डच माणसाच्या लॅटिन पुस्तकात आपली अक्षरं!

त्या पुस्तकात खारफुटीची झाडंही आहेत. मल्याळी लोक त्यांना कंडल म्हणतात. आपण कांदळ म्हणतो, कानाला किती जवळचा शब्द. पुढे वनस्पतिशास्त्रज्ञांनी एका खारफुटीचं शास्त्रीय नाव त्या कंडलवरूनच 'कँडेलिया' ठेवलं. जगाच्या पाठीवर कुठेही ते झाड सापडलं तरी शास्त्रज्ञ त्याला आपल्याकडच्या किनाऱ्यावरच्या नावाने ओळखतात. हे झाड गोव्याच्या खाड्यांतही आहे.

"आपण कांदळ काढूया," मोठी म्हणाली. म्हणून तिसरा दिवस डिचोलीचा.

डिचोली तालुक्याच्या खालच्या अंगाला मांडवी वाहते. नार्वे, पिळगाव, सारमानस. सारमानस या नावात मानस हा शब्द ऐकू येतो, आणि मानस म्हणजे काय हे समजल्याशिवाय गोव्याचं पाणी समजत नाही. आपल्या पूर्वजांनी खाडीकाठच्या दलदलीला मातीचे बांध घालून शेतं केली. त्यांना खाजन म्हणतात. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन आहे. बांधात लाकडी दारांची वाट ठेवायची, ती मानस. भरती आली की खाडीचं खारं पाणी दारावर दाबतं आणि दार आपोआप बंद होतं. ओहोटीला आतलं पाणी दाराला बाहेर ढकलतं आणि दार उघडतं. माणूस झोपलेला असला तरी चंद्र पाणी ओढतो आणि दार चालतं. धाकट्याने दाराचं चित्र काढून त्याला दोन बाण केले, एक भरतीचा आणि एक ओहोटीचा. पहिल्यांदा त्याने बिजागरी चुकीच्या बाजूला काढली होती. तशी असती तर सगळं शेत खारट झालं असतं, हे त्याचं त्यालाच उमगलं. खाऱ्या जमिनीत तग धरणारा कोरगुट भात अशाच शेतांत पिकतो.

बांधाबाहेर कांदळ उभे होते, कमानीसारख्या मुळांवर. बाकीची झाडं बी खाली टाकतात आणि ते जमिनीत रुजतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं. फळातून हिरवी, टोकदार, हातभर लांब शेंगेसारखी काठी लोंबत राहते, तेच त्याचं बाळ. वेळ आली की ते सुटतं. ओहोटी असली तर खालच्या चिखलात रुतून उभं राहतं आणि भरती असली तर तरंगत दूरच्या किनाऱ्याला लागतं. खाऱ्या, हवा नसलेल्या चिखलात कोवळ्या बियाला जगणं कठीण, म्हणून आई त्याला अंगावरच वाढवून पाठवते.

धाकट्याला पडलेली एक काठी सापडली. त्याने ती पेन्सिलीसारखी धरली आणि ओल्या चिखलावर तिचंच चित्र काढलं. मग ती त्या चित्राशेजारी चिखलात खोचून दिली. त्याने पाहिलेलं, काढलेलं आणि लावलेलं हे पहिलं झाड. त्याच्यापासून वीतभर अंतरावर एक निवटी चिखलावर उड्या मारत होती. पाण्याबाहेर येऊन पंखांवर रांगणारा मासा. तिचे डोळे डोक्याच्या वर, बेडकासारखे. तिला मात्र कोणाला नीट काढता आलं नाही, ती थांबतच नाही.

चिखलाने चित्र काढायची गोष्ट निघालीच आहे तर फोंड्याच्या दुर्भाटची सांगतो. मांडवी आणि झुआरी या दोन नद्यांना जोडणारा कुंभारजुवेचा कालवा आहे, साधारण पंधरा किलोमीटरचा. त्यात मगरी राहतात. मगर खरी गोड्या पाण्याची, पण इथे ती भरती-ओहोटीच्या मचूळ पाण्यात सुखाने राहिली आहे. त्या पाण्याकाठी भातशेती करणारी माणसं पौष अमावास्येला बांधाजवळच्या चिखलाची मोठी मगर थापतात. तिला शिंपल्यांनी आणि काटक्यांनी सजवतात, पूजा करतात, कोंबडीचं पिल्लू किंवा अंडं वाहतात. या प्रथेला म्हणतात मानगे थापणी. मानगे म्हणजे मगर. आमचे बांध राख, पाण्यात उतरणाऱ्या आमच्या माणसांना राख, अशी प्रार्थना. ज्या जनावराची भीती वाटते त्याला मारायचं नाही. त्याच्याच चिखलातून त्याला हाताने घडवायचं. मला वाटतं, गोव्याच्या पाणथळीवरची सर्वांत जुनी शहाणी कला हीच असावी. कागद नाही, रंग नाही, कोणाची सही नाही. पण घडवणाऱ्याला मगरीची पाठ, शेपूट, जबडा माहीत असावाच लागतो.

मुलांनीही चिखलाची मगर केली. मोठीने काटक्यांचे दात लावले, सगळे जबड्याच्या आत. मी तिला सांगितलं, मगरीने तोंड मिटलं तरी खालच्या जबड्यातला समोरून चौथा दात बाहेर दिसत राहतो. वरच्या जबड्याला तिथे खाच असते. तिने एक काटकी काढून बाहेर बसवली आणि त्याबरोबर ती मातीची मगर अशी काही जिवंत झाली, की धाकटा दोन पावलं मागे सरला.

निघायच्या आदल्या रात्री मी मुलांना माझी जुनी वही दाखवली. पानं पिवळी पडली आहेत. प्रत्येक चित्राखाली तारीख, वेळ, भरती की ओहोटी आणि वारा. एका पानावर मोरजीच्या वाळूतला समुद्री कासवाचा माग आहे. ऑलिव्ह रिडले मादी अंडी घालायला रात्री येते तेव्हा चारही पाय एकदम टाकत नाही, आलटून पालटून टाकते. म्हणून तिच्या मागावरचे वल्ह्यांचे ठसे समोरासमोर येत नाहीत, मागेपुढे पडतात. हिरव्या कासवाचे ठसे जोडीने, समोरासमोर. कासव न पाहता, पहाटे फक्त वाळूचं चित्र काढून सांगता येतं की रात्री कोण येऊन गेलं. अंडी सुमारे शंभर, आणि पिल्लू नर होणार की मादी हे वाळूची ऊब ठरवते. वाळू जास्त तापली तर मादी.

पुढच्या पानावर एक तळं आहे. आमच्या घरामागच्या उतारावरचं, पावसाळ्यात भरणारं आणि मार्चपर्यंत टिकणारं. त्यात मी टिबुकली काढली आहे, जांभळी पाणकोंबडी काढली आहे, काठावरच्या शेवरीवर बसलेला खंड्या काढला आहे. मोठीने विचारलं, "हे कुठे आहे? उद्या जाऊया."

ते आता नाही. भराव पडला. मी तिला जागा दाखवली, सपाट लाल माती. ती बराच वेळ वहीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "म्हणजे हे फक्त इथेच आहे?" हो. त्या तळ्याचा फोटो कोणाकडे नाही, नकाशावर त्याचं नाव नाही. खंड्या कुठल्या फांदीवर बसायचा, हे या एका पानालाच माहीत आहे.

कुडचड्याचं नंदा तळं २०२२ साली गोव्याचं पहिलं रामसर स्थळ झालं, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेलं, ४२ हेक्टरांचं. मला त्याचा फार आनंद झाला. पण पेडण्यात आणि डिचोलीत घरामागची, देवळामागची, शेताच्या कडेची जी शंभर तळी आहेत त्यांची नोंद कोण करणार? त्यांना यादीत जागा मिळेपर्यंत तुमच्या वहीत जागा द्या. चित्र चांगलं येत नाही म्हणून थांबू नका. शेकाट्याचा पाय मागे वाकलेला आला, काठी वाकडी आली, खेकड्याची परतीची वाट सुटली नाही, एवढं पुरे. खाली तारीख लिहायला मात्र विसरू नका.

भरती-ओहोटीची वेळ रोज पुढे सरकते. उद्या केरीला पाणी आजच्यापेक्षा साधारण पन्नास मिनिटं उशिरा उतरेल. आजची रांगोळी तोवर पुसून गेलेली असेल आणि खेकडे नवी घालायला बसलेले असतील. वही आणि पेन्सिल घेऊन या. खोडरबर घरी ठेवा.